सोगंदनाम्यातला एक रकाना

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं एक लहानसं ऑफिस आहे. दुकानदार, पेन्शनर, शिकवण्या घेणारे मास्तर अशा लोकांची इन्कम टॅक्स रिटर्नं मी भरून देते. एरवी लोक फक्त जुलैत उगवतात. निवडणूक लागली की मात्र पोस्टातून निवृत्त झालेले एक काका बिनकामाचे येऊन बसतात आणि मोबाइल माझ्यापुढे धरतात.

"हे वाच. वार्षिक उत्पन्न चार लाख साठ हजार. खाली मालमत्ता अकरा कोटी. अगं, माझं पेन्शन याच्यापेक्षा जास्त आहे. मग माझे अकरा कोटी गेले कुठे?"

ऑफिसातले सगळे हसतात, मीही हसते. पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत बसत नाही. उमेदवारांना पूर्ण रिटर्न जाहीर करायला लावावं का, हा वाद अधूनमधून निघतो. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणाऱ्या बऱ्याच जणांनी रिटर्न आतून पाहिलेलं नसतं, असं माझं मत आहे. म्हणून आधी कागद उघडून बघू, मग भांडू.

आज नेमकं काय सांगावं लागतं?

लोकसभा किंवा विधानसभेचा अर्ज भरताना उमेदवाराला 'फॉर्म २६' नावाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. बडोद्यात आम्ही त्याला सर्रास सोगंदनामा म्हणतो. शेजारच्या गुजरातीचा गुण, दुसरं काय. त्यात गुन्हे, शिक्षण, रोकड, दागिने, गाड्या, जमिनी, कर्जं आणि सरकारी थकबाकी हे सगळं येतं. स्वतःचं, पती किंवा पत्नीचं आणि अवलंबून असलेल्यांचंही लिहावं लागतं.

कराबद्दल त्यात पॅन आणि मागच्या पाच वर्षांच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं 'एकूण उत्पन्न' एवढंच असतं. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत पाच वर्षांचंही नव्हतं, एकाच वर्षाचं पुरायचं. म्हणजे वर्षाला एक आकडा आणि पाच वर्षांचे पाच आकडे. रिटर्न स्वतः कुठेच जोडावं लागत नाही.

सेव-उसळीच्या गाडीवर ताट पुढे आल्यावर कोणी फक्त पावांची संख्या सांगावी, तसं हे आहे. पाव चार होते हे कळलं. उसळीत काय होतं आणि तर्री कोणी ओतली, ते स्वयंपाक्यालाच ठाऊक.

'एकूण' उत्पन्न एकूण नसतं

गोंधळाचं मूळ या शब्दात आहे. बोलताना आपण 'एकूण' म्हणतो तेव्हा वर्षभरात हातात आलेलं सगळं आपल्या मनात असतं. कायद्यात 'एकूण उत्पन्न' म्हणजे करमाफ रकमा बाजूला ठेवून, वजावटी काढून, जुने तोटे वळते करून जे उरतं ते. एवढी व्याख्या पक्की धरा, पुढचं सोपं आहे.

बाजूला काय काय पडतं? आपल्या विषयापुरत्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. शेतीचं उत्पन्न केंद्राच्या करातून मुक्त आहे. दुसरी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते: भागीदारी फर्ममधून मिळालेला नफ्याचा हिस्सा भागीदाराच्या हातात करमाफ असतो. यात लबाडी नाही. फर्मने त्या नफ्यावर ३० टक्के दराने कर आधीच भरलेला असतो, एकाच पैशावर दोनदा कर नको, इतकाच त्यामागचा विचार.

आता काकांच्या उमेदवारासारखा एक माणूस कल्पनेने उभा करू. त्याला बँकेतल्या मुदत ठेवींच्या व्याजातून ४ लाख ६० हजार मिळतात. शेतीतून १२ लाख. भावाबरोबरच्या फर्ममधून नफ्याचा हिस्सा ४० लाख. वर्षाला हातात आले ५६ लाख ६० हजार. सोगंदनाम्याच्या रकान्यात लिहिले ४ लाख ६० हजार. त्याने काहीही खोटं लिहिलेलं नाही. रकान्यातच तेवढं विचारलं होतं. पाच वर्षांचा हिशोब केला तर मतदाराला दिसतात २३ लाख आणि प्रत्यक्षात आलेले असतात २ कोटी ८३ लाख.

याच माणसाला वाकडं वळण देऊन बघा. शेती नावालाच आहे आणि ते १२ लाख कुणा कंत्राटदाराने रोखीत दिलेले आहेत. रकान्यातला आकडा पुन्हा तोच, ४ लाख ६० हजार. माझी खरी तक्रार इथे आहे. आजच्या सोगंदनाम्यात सरळ माणूस आणि वाकडा माणूस हुबेहूब सारखे दिसतात. काका दोघांनाही चोर म्हणतात, आणि दोघांचे कार्यकर्ते "सगळं कायदेशीर आहे" म्हणतात.

छोट्या धंद्याचंही असंच. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या धंद्याला वह्या न ठेवता अंदाजाने नफा दाखवायची सोय आहे: रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या पैशावर ६ टक्के. ५० लाखांचा रोख गल्ला असलेला दुकानदार ४ लाख दाखवून मोकळा होऊ शकतो. उमेदवाराने ही सोय घेतली की नाही, तेही त्या एका आकड्यातून कळत नाही.

मग अकरा कोटी आले कुठून?

काकांना मी एक उलट प्रश्न विचारला. "तुमचं रावपुऱ्यातलं घर केवढ्याला घेतलं होतं?" घेतलं होतं वडिलांनी, काही हजारांत. आज केवढ्याला जाईल? काका गप्प. तेही कोट्यधीशच निघाले.

भायली, सेवासी ही गावं माझ्या लहानपणी शहराबाहेर होती. तिथे वडिलोपार्जित शेत असलेला माणूस काहीही न करता श्रीमंत झाला. सोगंदनाम्यात जमिनीची आजची बाजारातली अंदाजे किंमत लिहावी लागते, त्यामुळे मालमत्ता फुगलेली दिसते. वाढलेली किंमत म्हणजे उत्पन्न नव्हे; विकेपर्यंत त्यातून रुपयाही हातात येत नाही. म्हणून 'पाच वर्षांत संपत्ती तिप्पट' अशी बातमी वाचली की मी आधी घेतल्याची तारीख आणि खरेदीची किंमत बघते. दोन्ही फॉर्ममध्येच असतात. जुनी जमीन महागली असेल तर वावगं काही नाही. त्याच पाच वर्षांत नवी खरेदी झाली असेल तर पैसे कुठून आले, हा प्रश्न रास्त आहे. आणि रकान्यातला एक आकडा नेमकं त्याचंच उत्तर देत नाही.

हा रकाना तरी कसा आला

हे आपल्याला कुणी आपखुशीने दिलेलं नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, म्हणजे एडीआर, ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. राजकीय पक्ष एरवी कशावरही एकत्र येत नाहीत, यावर आले. न्यायालयाने सांगितलेली बरीचशी माहिती द्यायची गरज नाही असा कायदा झाला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं.

मग लोक रकाने कोरे सोडू लागले. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तेही बंद केलं: माहिती नसेल तर 'माहिती नाही' लिहा, पण कोरं चालणार नाही. त्याचा परिणाम देशाने बडोद्यात पाहिला. ९ एप्रिल २०१४ रोजी नरेंद्र मोदींनी इथून अर्ज भरला, आणि आधीच्या विधानसभा निवडणुकांत रिकाम्या राहिलेल्या, पत्नीच्या रकान्यात जशोदाबेन यांचं नाव आलं. पुढे त्यांच्या मालमत्तेबद्दल 'माहिती नाही' असं होतं. त्या दिवशी चर्चा वेगळ्याच अंगाने गेली. मला मात्र तेव्हा कळलं की एका रकान्याच्या नियमात केवढी ताकद असते.

२०१८ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. लोकप्रहरी या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितलं की संपत्तीबरोबर उत्पन्नाचा स्रोतही सांगा. आता फॉर्ममध्ये स्रोत आणि सरकारी कंत्राटं विचारतात. पण स्रोतापुढे 'व्यवसाय' किंवा 'शेती' एवढा एक शब्द लिहिला तरी भागतं. माझ्याकडच्या पानवाल्याच्या रिटर्नमध्येही याहून जास्त तपशील असतो.

दुसरीकडे काय करतात

अमेरिकेचं उदाहरण सगळेच देतात, आणि बहुतेक जण चुकीचं देतात. तिथे अध्यक्षपदाच्या उमेदवाराला रिटर्न दाखवायला लावणारा केंद्रीय कायदा नाही. ती फक्त रीत आहे. रिचर्ड निक्सन यांनी १९७० साली जेमतेम ७९३ डॉलर कर भरल्याची बातमी १९७३ मध्ये फुटली. उपाध्यक्षपदाच्या काळातली आपली कागदपत्रं सरकारी संग्रहाला दान दिल्याची मोठी वजावट त्यांनी घेतली होती. त्यांनी रिटर्नं जाहीर केली, संसदेच्या समितीने तपासली आणि पावणेपाच लाख डॉलरच्या आसपास कर निघतो असं सांगितलं. तिथून रीत पडली. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ती मोडली, आणि रीतच असल्यामुळे कोणाला काही करता आलं नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीपुरता कायदा केला, तर त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी उडवला.

नॉर्वे दुसऱ्या टोकाला आहे. तिथे फक्त पुढाऱ्यांचंच नाही, सगळ्यांचंच करपात्र उत्पन्न, संपत्ती आणि कर यांचे आकडे बघता येतात. २०१४ पासून मात्र तुमचे आकडे कोणी पाहिले ते तुम्हालाही कळतं. हे आपल्याकडे आलं तर आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, सोयरिकीचं काम एका दिवसात बंद पडेल.

"पण खासगी गोष्टींचं काय?"

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण रिटर्नमध्ये काय काय असतं ते मी रोज बघते. जुन्या पद्धतीने भरणाऱ्याने गंभीर आजाराच्या उपचारांची वजावट घेतलेली असते. घरात दिव्यांग मूल असल्याचं कळतं. बँक खात्यांचे नंबर असतात. हे चौकात टांगायचं कारण नाही.

न्यायालयही असंच म्हणतं. अरुणाचलच्या तेजू मतदारसंघातल्या आमदाराने २०१९ मध्ये एक स्कूटर, एक मोटरसायकल आणि एक ओम्नी व्हॅन लिहिली नव्हती. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत वैध ठरवली आणि सांगितलं की उमेदवाराने प्रत्येक चीजवस्तू मांडायची गरज नाही. ज्याने मतावर परिणाम होईल तेवढं सांगा. मला हे पटतं. पण उमेदवाराला पैसा कुठून येतो, हे स्कूटरच्या जातीचं नाही. आजाराचा रकाना झाका, खात्याचे नंबर झाका. बँकेत कर्जासाठी कागद देताना आधारचे आकडे आपण झाकतोच की.

"कर खात्याला सगळं ठाऊक असतंच"

असतं. पण खातं आणि मतदार वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. कर बरोबर निघाला की खात्याचं समाधान होतं. मतदाराला हितसंबंध बघायचे असतात. टीपी स्कीमच्या, म्हणजे नगररचनेच्या, नकाशात ज्याची जमीन आहे, तोच उद्या नकाशावर मत देणार असेल, तर त्याने कर चोख भरलाय हे कळून मला काय उपयोग? शिवाय खात्याकडचं रिटर्न माहिती अधिकारात मागितलं तर सहसा मिळत नाही. रिटर्न ही वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही, असं २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय.

"खोटारडा रिटर्नमध्येही खोटंच लिहील"

लिहील. पण आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. एकाच माणसाची उत्पन्नं चार असतात. बँकेकडून कर्ज हवं तेव्हा भरघोस, कर भरताना बेताचं, मुलीच्या स्थळाला सांगताना सगळ्यात मोठं आणि मुलाच्या शिष्यवृत्तीच्या दाखल्यावर सगळ्यात लहान. हे चारही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत, म्हणून ते चालतं. रिटर्न आणि सोगंदनामा शेजारी-शेजारी ठेवले की एकाचं खोटं दुसऱ्याशी जुळवत बसावं लागतं. ते महाग पडतं.

शिक्षेच्या नावाने मात्र आनंद आहे. खोट्या सोगंदनाम्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. एवढ्याने आमदारकी जात नाही, कारण त्या कलमाखालची शिक्षा अपात्रतेच्या यादीत नाही. किमान दोन वर्षांची शिक्षा आणि अपात्रता, अशी शिफारस विधी आयोगाने २०१४ च्या २४४ व्या अहवालात केली होती. ती तशीच पडून आहे.

"वाचतं कोण?"

काका वाचतात. आणि सगळ्यांनी वाचायची गरजही नसते. विरोधी उमेदवाराचा वकील वाचतो, एखादा हुशार वार्ताहर वाचतो. कमी कर म्हणजे चोरी, असा गैरसमज पसरेल ही भीती खरी आहे. पण तो गैरसमज आजच पसरतोय, माहिती अर्धवट असल्यामुळे. पूर्ण आकडे असते तर ४० लाखांच्या हिश्श्यावर फर्मने कर भरलाय, हे सरळ माणूस काकांना दाखवू शकला असता.

मी काय मागेन

संपूर्ण रिटर्न नको. शंभर पानांची फाइल टाकली तर माहिती त्यातच बुडेल, आणि लपवू पाहणाऱ्याचं फावेल. मला काही पानं हवीत. करमाफ उत्पन्नाचं पान, कारण शेतीचं उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर तिथे जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की भाड्याची, बागायती की कोरडवाहू, हे सगळं आधीच लिहावं लागतं. कोणत्या फर्ममध्ये भागीदारी आहे आणि हिस्सा किती, ते पान. कोणत्या कंपनीत संचालक आहे आणि शेअर बाजारात नसलेल्या कुठल्या कंपनीचे शेअर आहेत, तो रकाना. आणि भरलेल्या कराचा आकडा. यातलं काहीही नव्याने तयार करावं लागत नाही. माझ्यासारखीने जुलैत टाइप केलेलं असतं. पाच वर्षांची ही पानं छापायला माझ्या ऑफिसात अर्धा तास पुरेल, प्रिंटरने साथ दिली तर.

एक भोक तरीही राहील. 'अवलंबून असलेले' म्हणजे ज्यांना स्वतःची कमाई नाही असे. कमावता मुलगा, भाऊ, मेहुणा यात येत नाहीत. आणि आपल्याकडे पैसा लपतो तो बहुधा मेहुण्याकडे. त्यावर माझ्याकडे चांगला उपाय नाही. मेहुण्याने निवडणूक लढवलेली नसताना त्याचं रिटर्न चौकात मांडणं मलाच पटत नाही.

हे सगळं काकांना एका बैठकीत सांगितलं, दोन चहांवर. त्यांनी निवडणूक आयोगाच्या साइटवरून त्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र चष्मा लावून पुन्हा उघडलं आणि ते छापून घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आत त्यांचा फोन.

"उत्पन्नाचा स्रोत, शेती आणि व्यवसाय," काका वाचून दाखवत होते. "बरं. आता पान उलटलं. शेतजमीन, स्वतःची, निरंक. बायकोची, निरंक. मग हा पिकवतो कुठे?"

"दुसऱ्याची भाड्याने कसत असेल, काका. चालतं तसं."

"कसतोय की नाही ते कुठे लिहिलंय?"

"रिटर्नमध्ये."

"दाखव मग."

"तेच तर जोडलेलं नाही."

पलीकडे थोडा वेळ कागदांचाच आवाज येत राहिला.